सारिकानं ढकललेली भिंत

भिंत ढकलणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्याच घरात. तेव्हा मला हसू आलं होतं. आता तेच आठवलं की हातातलं काम हातातच राहतं.

कारेगावात एमआयडीसीच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. खाली बाकडी आणि गॅस, वर भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. सारिका रासकर त्यातली एक बघायला आली. भाड्यानं खोली बघायला येणारी माणसं आधी नळ सोडून बघतात, मग खिडकी उघडतात, मग मोरी कुठं विचारतात. ही दारातच उभी राहिली, एक डोळा बारीक केला, अंगठा आणि बोट हवेत धरून काहीतरी चिमटीत पकडल्यासारखं केलं आणि हात सावकाश पुढं सरकवला. म्हटलं, बया, पोरीला काही होतंय की काय!

"काकू, ही भिंत हातभर मागं ढकलली असती ना, तर माझं टेबल बसलं असतं."

"अगं भिंत हाय ती! ढकलायची कशी?"

"मी ढकलते की. रोज ढकलते," म्हणाली आणि मोठ्यानं हसली. "पण कामावर."

तर ती रांजणगावच्या एका प्रेस शॉपमध्ये डिझाईनला होती. कंपनीचं नाव मी घेत नाही, घेऊन काय करायचंय. पत्र्याला दणका देऊन आकार द्यायचा, असलं काम. ही कॉम्प्युटरवर लोखंडाचे तुकडे काढायची, बदलायची. मूळची दौंडकडची, माळ्याची लेक. बाप शेवंती आणि झेंडू करायचा. तिशी ओलांडलेली. लग्न झालं होतं, मोडलं होतं, त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. डोक्यात नेहमी पेन्सिल खोचलेली. आता कॉम्प्युटरवाल्या बाईला पेन्सिल कशाला लागते? एकदा विचारलं तर म्हणाली, "केस बांधायला."

बोलणं म्हणाल तर अर्धं दौंडचं, अर्धं कंपनीचं. आणि तोंडानं फाटकी! लॅपटॉप घेऊन माझ्या बाकड्यावर बसायची, कारण वर खोलीत रेंज येत नव्हती, आणि त्या स्क्रीनवरच्या लोखंडाशी भांडायची. "सरक गं बाये. सरक म्हनते ना. आता का रुसलीस?" नवं गिऱ्हाईक असलं की ते माझ्याकडं बघायचं. मी म्हणायची, "जेव बाबा, ती तुला नाही बोलत."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचणं-लिहिणं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून आणि खानावळीतल्या पेपरावरून आलं. त्यामुळं मला नव्या गोष्टीचं फार कुतूहल. एक दिवस भाजी निवडता निवडता तिला विचारलं, की बाई, तू नेमकं करतेस तरी काय?

तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "काकू, तुमी आमटी करता. आधी फोडनी, मंग मसाला, मंग डाळ. बरोबर?"

"बरोबर."

"कॉम्प्युटरवर पार्ट काढायची एक रीत तशी हाय. पायरी पायरीनं. सगळ्या पायऱ्या त्यात लिहून ऱ्हातात. मागं जाऊन पहिल्या पायरीला कांदा वाढवला, का पुढचं सगळं आपोआप बदलतं. कुनी कुठं मीठ जास्ती टाकलं ते बी घावतं."

"बरं."

"आन् समजा शेजारणीकडून वाटीभर आमटी आली. तिनं कशी केली तुमाला ठाव न्हाई. पन आंबट हाय. मंग काय करता?"

"गूळ टाकते."

"हां!" तिनं बाकड्यावर अशी थाप मारली की माझी मेथी सांडली. "मी त्येच करते! बाहेरच्या कंपनीकडनं फाइल येती ती मुकी येती. कशी केली ते सांगतच न्हाई. नुसता आकार. मंग मी सरळ तिची एक बाजू धरते आन् ढकलते. भोक हिकडचं तिकडं करते. कोपरा ओढते. पायऱ्या न्हाईत, काय न्हाई. डायरेक्ट."

"आणि चुकलं तर? मागं जाऊन बघता येतं?"

"फाइल बंद केली का संपलं. कुनी ढकललं, कवा ढकललं, मागमूस ऱ्हात न्हाई त्यात."

मला ते काही बरं वाटलं नाही, पण मला काय कळतंय, म्हणून सांडलेली मेथी गोळा करत बसले.

तिची एक सवय मात्र मला फार आवडायची. कुठलीही वस्तू ती उलटी करून बघायची. पाठ बघितल्याशिवाय पार्ट सोडायचा नाही, हे तिचं कामातलं वचन, आणि ते तिनं सगळ्या आयुष्यालाच लावलेलं. ताट घेतलं की उलटं. साडी घेतली की आधी आतली बाजू. एकदा दारावर मिक्सरवाला आला, मी भाव करून बसले होते, तर ही जिन्यावरून उतरली, मिक्सर उचलला आणि उलटा केला. बुडाला चीर! मिक्सरवाला म्हणाला, "ताई, तुम्ही कंपनीत आहात की पोलिसात?" शेजारच्या रखमाबाईच्या सुनेला मूल झालं तेव्हा बघायला गेलो, तर हिनं बाळाला हातात घेतलं आणि आधी पालथं करून पाठ बघितली! बाळाची आजी हबकलीच. मी म्हटलं, "अगं कार्टे, तो पार्ट न्हाई!"

तिचे वडील आप्पा महिन्यातून कधीतरी फुलांच्या पिकअपमधून येत. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे. येताना माझ्या देवाला शेवंती आणत आणि लेकीला बाजरीचं पीठ. बाकड्यावर बसून तिच्या स्क्रीनकडं बघत राहायचे. एकदा म्हणाले, "काय वो काकू, ही हितं दिसभर भिंती ढकलती, आन् घरी आली का गोठ्यातली एक वीट सरकवत न्हाई."

"आप्पा, गोठ्याची फाइल पाठवा, मंग बघते," ती म्हणाली.

आणि मुकेश. तो बिहारकडचा, तिच्याच कंपनीत प्रेस मशीन चालवायचा. दोन वेळ माझ्याकडं जेवायला. हसतमुख पोरगं म्हणावं, तर पोरगं कसलं, गावाकडं बायको आणि दोन लेकरं होती त्याला. चपात्या मोजत नसे आणि मलाही मोजू देत नसे. सारिकाचा तो सगळ्यांत मोठा चाहता. तिनं लॅपटॉप उघडला की ताट घेऊन तिच्या मागं उभा. ही एखादी बाजू धरायची आणि हा मागून ओरडायचा, "खींचो मॅडमजी, खींचो!" जसं काही कुस्तीचा आखाडा आहे. मग बाकीची पोरंही जमायची.

त्यातूनच ती चहाची गंमत सुरू झाली. कुणीतरी म्हणालं की मॅडम, आमच्या डिझाईनचे दुसरे साहेब एवढ्या कामाला अर्धा दिवस घेतात. ही म्हणाली, "काकू, चहा ठिवा हितं. निवायच्या आत करते." केलं. कप उचलला, घोट घेतला, "गरम हाय," म्हणाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. लॅपटॉप उघडला की मुकेश स्वतः उठून चहा आणायचा आणि तिच्या कोपराशी ठेवायचा. तिला त्या शिट्ट्या आवडायच्या. का नाही आवडणार? त्या कंपनीत डिझाईनला ती एकटी बाई. तिथं कुणी शिट्टी मारत नव्हतं, सगळे चुका शोधत होते. माझ्या खानावळीत ती राणी होती.

त्या दिवशीही तसंच झालं. दुपारची जेवणं उरकत आली होती. तिचा फोन वाजला. प्रेसवर नवा साचा आला होता, तो जुन्यापेक्षा मोठा, आणि मशीनच्या जाळीचा एक ब्रॅकेट त्याला घासत होता. ती जाळी म्हणजे काय ते मला मुकेशनंच कधीतरी सांगितलं होतं. वरून लोखंडाचा ठोकळा दणकन खाली येतो. माणसाचा हात त्यात जाऊ नये म्हणून पुढं जाळीचं दार. दार लागलं की त्याची खिळी ब्रॅकेटच्या खाचेत बसते. खिळी बसली तरच मशीन खाली येतं, नाहीतर येत नाही.

ब्रॅकेटची फाइल बाहेरच्या कंपनीची. मुकी. पुढची बाजू थोडी आत ढकलायची, बस्स. कंपनीतून घाई चाललेली. ती जेवता जेवता एका हातानं करायला लागली. मुकेशनं चहा ठेवला. "ठंडी होने से पहले, मॅडमजी!" पोरं जमली. तिनं बाजू धरली, ढकलली, सेव्ह केलं, पाठवून दिलं आणि कप उचलला.

"गरम हाय!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पिठाच्या हातानं. मुकेशनं तर बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं.

पुढं ब्रॅकेट बनला, मशीनला बसला, काम सुरू झालं. दिवस गेले. मग एक दिवस ऐन जेवणाच्या वेळेला पहिल्या शिफ्टचा एक पोरगा धावत आला, बाकड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, मुकेशचा हात गेला."

माझ्या पळीतलं वरण पातेल्यात पडलं. कळेचना. हात गेला म्हणजे? कुठं गेला?

उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याजवळची. जाळी लावली होती म्हणे, तरी मशीन खाली आलं. दुसऱ्या घासाला कुणी हात लावला नाही. सारिका तिथंच होती. ती अशी भडकली, अशी भडकली! रडायच्या ऐवजी शिव्या द्यायला लागली. "तार बांधली आसंल! किती येळा सांगितलं, माल लवकर काढायला जाळीला तार बांधून ठिवू नका. न्हाई ऐकत! मरत्यात पन ऐकत न्हाईत!"

कंपनीनंही तेच म्हटलं. कामगारानं जाळी बांधून ठेवली, निष्काळजीपणा, असं लिहायला घेतलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. खिळी तारेनं बांधून ठेवली की दार उघडं असलं तरी मशीन चालतं, पोरं करतात तसं, हे मी ऐकून होते.

मी शिरूरच्या दवाखान्यात डबा घेऊन गेले. मुकेश पडला होता. हात एवढा मोठा बांधलेला. मला बघून उठून बसायला लागला. म्हणाला, "काकू, हम जाली बंद किये थे. पूरा नहीं बैठा होगा, पर बंद किये थे. तार नहीं बांधा. माँ कसम." मग म्हणाला, की साहेब सांगून गेलेत, चूक माझी निघाली तर गावाला जावं लागेल. एका हाताच्या माणसाला गावात कोण काम देणार? त्याचं ते "पूरा नहीं बैठा होगा" माझ्या मनात बसलं. घरी येऊन मी सारिकाला जसंच्या तसं सांगितलं.

"सगळे त्येच म्हनत्यात काकू," ती म्हणाली. आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबली. "काय म्हनला? पुरती बसली न्हाई तरी मशीन खाली आलं?"

"तसंच काहीतरी."

ती वर गेली. मी तांदूळ धुवायला बसले. तांदळाचं पाणी ओतलंही नव्हतं तोवर ती खाली आली. मी आजपर्यंत माणसं घाबरलेली पाहिली आहेत, मेलेली पाहिली आहेत. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पाहिलं नव्हतं. लॅपटॉप उघडाच होता, दोन्ही हातांत ताटासारखा धरलेला.

"काकू, बसा. बघा."

बाहेरून आलेली मूळची फाइल तिच्या मेलवर होती. तिनं ती उघडली. ब्रॅकेट दिसला, राखाडी, गुळगुळीत, मुठीएवढा. तिनं पुढची बाजू धरली आणि त्या दिवशी ढकलली होती तशीच ढकलली. मग तो तुकडा फिरवला, पाठ माझ्याकडं केली, आणि परत ढकलली.

मागच्या खाचेची भिंत आपली आपण सरकली.

"मी हिला हात बी लावला न्हाई," ती म्हणाली. आवाज असा की विहिरीतून येतोय. "हितं एक खूण आसती. जोडीच्या भिंती बरोबर हालवायच्या का? चालू ऱ्हायली व्हती. प्रोग्रामला वाटलं ह्या जुळ्या हायत. म्या पुढची ढकलली, त्यानं मागची बी नेली. खाच रुंद झाली काकू. खिळी ढिली बसली. जाळी अर्धी लागली तरी मशीनला वाटायचं, पुरती लागली."

माझे हात तांदळाच्या पाण्यातच राहिले. ती बाई, जी बाळाची पाठ बघते, मिक्सरचं बूड बघते, तिनं नेमका तोच एक तुकडा फिरवून पाहिला नव्हता. चहा गरम होता ना. आणि तो चहा ठेवला कुणी होता? मुकेशनं. शिट्टी कुणी मारली होती? मुकेशनं. ज्या बोटांनी मारली ती बोटं!

"आता?" मी म्हटलं.

"आता काय," ती म्हणाली. "सांगायचं."

आप्पांना तिनं फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, फुलं न आणता. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ टोपी मांडीवर ठेवून डोक्यावरून हात फिरवत बसले.

"त्या फाइलीत दिसतंय का, तू केलंय म्हनून?"

"न्हाई आप्पा."

"दुसऱ्या कुनाला ठाव हाय?"

"काकूंना."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी गॅसकडं बघितलं.

"मंग सारे, तुजं तोंड तेवढं बंद ठिव. ह्या नोकरीसाठी तू काय काय सोडलंस, म्या पाह्यलंय. पुन्यांदा कोन ठिवून घेईल तुला? पोराला आपन मदत करू. घरी ठिवू, फुलं तोडायला. तोडंल की एका हातानं."

"आप्पा, त्याला फुलं तोडायची न्हाईत," ती म्हणाली. "त्याला चोर ठरवलंय. त्यानं तार बांधली न्हाई."

तिनं कंपनीत सांगितलं. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांची गाडी माझ्या दारात. माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, रुमालानं खुर्ची पुसून. चहा नको म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवला नाही त्यांनी. तेच जास्त भीतिदायक होतं.

"रासकर मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तो ब्रॅकेट आम्ही काढून टाकलाय. नवीन बसवलाय. पुढं कुणाला धोका नाही. फाइलमध्ये कुणाचं नाव आहे का? नाही. बाहेरूनच तशी आली असेल."

"बाहेरनं तशी आली न्हाई सर."

"कोण सांगणार?"

"मी."

"मॅडम, फाइलमध्ये काहीच दिसत नाही, मग तुम्हाला काय पडलंय?"

"फाइलीत न्हाई दिसत सर, पन मला दिसतंय. डोळं मिटलं तरी ती भिंत सरकती."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग उठले आणि म्हणाले, "विचार करा. तुमचं सगळं करियर आहे." जाताना मला म्हणाले, "आजी, तुम्ही समजवा त्यांना."

मी काय समजावणार? मी ती प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आत ठेवली.

आणि मग तिनं जे केलं त्याचा धक्का अजून माझ्या छातीतून गेलेला नाही. सुटीचा दिवस होता, खानावळ भरलेली. मुकेश दवाखान्यातून सुटून आला होता, हात पिशवीत घातल्यासारखा शर्टात घातलेला. सारिका खाली उतरली आणि लॅपटॉप मधल्या बाकड्यावर ठेवला. पोरांना सवयीनं वाटलं, आता गंमत आहे. एक जण चहा घेऊन आलाच. तिनं तो कप उचलून बाजूच्या बाकड्यावर ठेवला.

"कुनी शिट्टी मारू नका," म्हणाली. "मुकेश, इधर आओ. देखो."

आणि तिनं सगळ्यांसमोर परत ढकललं. सावकाश. मग पाठ फिरवली. मग परत. "ये पीछे वाली दीवार देखो. ये मैंने किया. तुमने जाली बंद की थी. पूरी नहीं बैठी, मशीन को पता नहीं चला. मेरी वजह से."

एवढी चाळीस एक माणसं असतील, तरी गॅसचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं मुकेश रडेल, नाहीतर मारेल. तो स्क्रीनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "फिर से दिखाइए."

तिनं परत दाखवलं.

तो वळला आणि ताट तसंच टाकून बाहेर निघून गेला. मागून एक पोरगा उठला, तोच, जो रोज "मॅडम मॅडम" करायचा, आणि म्हणाला, "आमच्या माणसाची बोटं खाल्ली तुम्ही. तुमच्या चहापायी." दुसरा म्हणाला, "अरे पण सांगितलं तरी त्यांनी, कोण सांगतं?" त्यावर दोघांची जुंपली. ती मधेच उभी होती, लॅपटॉप मिटायचं विसरून, स्क्रीनवर तो राखाडी तुकडा पाठ करून पडलेला.

पण चाळीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते कुणाला झाकता येईना. कंपनीनं मुकेशवरचा ठपका काढला आणि त्याला स्टोअरला काम दिलं. आणि सारिकाला सांगितलं, तुम्ही आता या, म्हणजे नोकरी सोडून जा. भांडण नाही, तंटा नाही. गोड बोलून.

लोक दोन्हीकडून बोलले. कुणी म्हणालं, देवमाणूस. कुणी म्हणालं, देवमाणूस कसली, आधी बोटं घेतली आणि मग नाटक. मला विचाराल तर मला आजही सांगता येत नाही. एकाच बाईनं दोन्ही केलं, एवढंच मला ठाऊक. तिचं मोठेपण सांगायला बसले की ती टाळी आठवते. तिला दोष द्यायला बसले की तिचं ते "मी" आठवतं, साहेबांच्या तोंडावर म्हटलेलं.

मुकेश तिच्याशी बोलेनासा झाला. तिच्याशीच कशाला, कुणाशीच. गर्दी ओसरली की यायचा, कोपऱ्यातल्या बाकड्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचा. उजवा हात खिशात. आता जेवायचं म्हणजे डाव्या हातानं. आपल्यात कसं आहे, त्यांच्यातही तसंच, डाव्या हातानं अन्नाला हात लावायचा म्हणजे माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. चपाती त्याला तुटायची नाही. कुस्करायची, ताटाबाहेर जायची. मी चमचा दिला तर त्यानं तो न वापरता परत केला. मी भाकरी कुस्करून वाढू का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाला. मी काय करणार? चपात्या मऊ करायच्या आणि तिकडं बघायचं नाही.

सारिका निघाली त्या दिवशी आप्पांचा पिकअप दारात उभा होता. टेबल, गादी, मॉनिटर वाकळेत गुंडाळलेला. सगळं चढवून झालं. आप्पा गाडीत बसले. मी म्हटलं, उपाशी जाऊ नकोस, दोन घास खाऊन जा. ती आत आली. तिला पाहिलं ते हे शेवटचं.

मुकेश कोपऱ्यात होता. ती माझ्याकडं न येता सरळ तिकडं गेली आणि त्याच्या आणि भिंतीच्या मधे जेवढी जागा होती तिथं बसली. त्याच्यासमोर. मी ताट नेऊन ठेवलं. तिनं उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हातानं चपातीला हात घातला.

"अगं, डाव्या हातानं?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

तिनं ऐकलं नाही असं केलं. चपाती ओढली, ती अख्खीच वर आली. परत ओढली. एवढी ओढण्या-ढकलण्यात पटाईत बाई, तिला चपाती तुटेना! मग कसाबसा तुकडा निघाला, तो आमटीत बुडवला, तर अर्धी आमटी हनुवटीवरून ड्रेसवर. पुसलं नाही. परत तुकडा घेतला. तो पडला. मला बघवेना, आणि नजर हटेना.

मुकेश बघत होता. किती तरी वेळ बघत होता. मग त्याच्या तोंडातून आवाज आला, मला वाटलं हुंदका, पण तो हसल्यासारखा होता, मोडका.

"मॅडमजी, ऐसे नहीं होगा."

"मंग कसं? दाखव की."

तो थांबला. आणि त्यानं उजवा हात खिशातून काढला. आमच्यापैकी कुणीही तोवर तो हात उघडा पाहिला नव्हता. त्यानं तळव्याची कड चपातीवर दाबून धरली, राहिलेल्या बोटांनी ताट अडवलं आणि डाव्या हातानं तुकडा तोडला. नीट, सरळ तुटला.

"ऐसे," म्हणाला.

सारिका त्या हाताकडं बघत राहिली. डोळे न मिटता, न वळवता. मग तिनं आपला उजवा हात मांडीखालून काढला, दोन बोटं आत दुमडली, कड चपातीवर ठेवली आणि दाबली.

बाहेर आप्पांनी हॉर्न दिला. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. मी तव्यावर आणखी चपाती टाकली.